डोलणाऱ्या जहाजावरचे एचडीआर: युद्धनौकेच्या ब्रिजचे एक प्रकरण

प्रकरण असे आहे. सेवेतून निवृत्त झालेली एक विनाशिका संग्रहालय म्हणून धक्क्याला बांधलेली आहे. तिच्या ब्रिजचे, म्हणजे जिथून जहाज चालवले जाते त्या कक्षाचे, एक नोंदचित्र हवे आहे. कन्सोलवरच्या तबकड्यांचे आकडे वाचता आले पाहिजेत, नकाशा टेबलाखालचे कप्पे ओळखू आले पाहिजेत आणि समोरच्या खिडक्यांतून पुढचा डेक, तोफ व पलीकडचे बंदरही दिसले पाहिजे. वेळ सकाळची, बाहेर लख्ख ऊन. पाणी शांत आहे, पण जवळून होड्यांची ये-जा चालू आहे. ट्रायपॉड लावायला परवानगी आहे. पर्यटक आत यायच्या आधी काम उरकायचे आहे.

खोलीच्या खिडकीतून बाहेरचेही दिसेल असे एचडीआर चित्र, म्हणजे वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या (सेन्सरवर कमी-जास्त प्रकाश घेतलेल्या) फ्रेम जोडून ऊन आणि सावली दोन्हींतला तपशील दाखवणारे चित्र, काढणाऱ्याला हे नेहमीचेच काम वाटेल. जमिनीवरच्या खोलीत ते तसेच असते. जहाजावर एक गोष्ट मुळातच बदलते. ट्रायपॉड जहाजावर उभा असतो, पृथ्वीवर नव्हे. कॅमेरा, कन्सोल, खिडक्यांच्या चौकटी आणि पुढचा डेक हे सगळे एकत्र हलतात, म्हणून एकमेकांच्या सापेक्ष स्थिर राहतात. धक्का, क्षितिज, समोरच्या इमारती आणि सूर्य मात्र त्यांच्या सापेक्ष सतत सरकत असतात. एकाच चित्रात वेगवेगळ्या चाली असलेल्या दोन दुनिया येतात. पुढचे जवळपास सगळे निर्णय यावरूनच ठरतात.

प्रकाशाचे मोजमाप

आधी कॅमेऱ्याच्या स्पॉट मीटरने, म्हणजे दृश्यातला छोटासा ठिपकाच मोजणाऱ्या मीटरने, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० धरून जागोजागची वाचने घ्यावीत. ती ईव्हीमध्ये येतात: आकडा एकाने वाढला की प्रकाश दुप्पट, आणि अशा एका पायरीला स्टॉप म्हणतात. या प्रकरणात ती अशी आहेत: समोरच्या उन्हातल्या फिकट इमारती १५ ते १६ ईव्ही, पाण्यावरची चमक १८ किंवा त्याहून वर, ब्रिजचे पांढऱ्या रंगाचे छत ८, राखाडी कन्सोलचा पृष्ठभाग ६, नकाशा टेबलाखालचा कोपरा ३, आणि कन्सोलच्या पायाशी असलेली पोकळी १. चमक सोडली आणि ती पोकळी काळी राहू दिली, तरी ३ ते १६ म्हणजे तेरा स्टॉपचा पल्ला उरतो. मोठ्या सेन्सरच्या चांगल्या कॅमेऱ्याची रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, कागदोपत्री चौदा स्टॉपपर्यंत जाते, पण सावली उचलल्यावर दाणे न दिसता मिळणारा स्वच्छ तपशील त्याहून तीन-चार स्टॉपांनी कमीच असतो. एका फ्रेमवर हे भागत नाही.

अ‍ॅपर्चर (भिंगाचे छिद्र) एफ/८ आणि आयएसओ १०० कायम ठेवून सात फ्रेम, प्रत्येकी दोन स्टॉपच्या अंतराने घ्यायच्या: १/१०००, १/२५०, १/६०, १/१५, १/४, १ आणि ४ सेकंद. १/१००० ची फ्रेम १६ ईव्हीला मध्यम राखाडीवर, म्हणजे काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटेवर, ठेवते, त्यामुळे पाण्याची बरीचशी चमकही हाती येते. ४ सेकंदांची फ्रेम ४ ईव्हीला मध्यम राखाडीवर आणते. टेबलाखालचा कोपरा तिच्यात जेमतेम एक स्टॉप खाली राहतो आणि कन्सोलखालची पोकळीही तीनच स्टॉप खाली, म्हणजे तीही अगदी हातची जात नाही. रॉ फाइल असताना दोन स्टॉपचे अंतर पुरते. एक-एक स्टॉपच्या तेरा फ्रेम घेऊन गुणवत्तेत फारसा फरक पडत नाही, उलट संच लांबतो आणि जहाजाला हलायला जास्त वेळ मिळतो.

फरक फक्त शटरने पाडायचा. अ‍ॅपर्चर बदलले तर फोकसची खोली आणि कडांचा अंधारही फ्रेमगणिक बदलतो, मग जोडणी डागाळते. फोकस हाताने ठरवून ऑटोफोकस बंद करावा. १६ मिमी भिंगावर एफ/८ ला फोकस दीड मीटरच्या आसपास ठेवला की जवळच्या कन्सोलपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे स्पष्ट येते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची रंगदुरुस्ती, एका आकड्यावर बांधावा. रॉमध्ये तो नंतर बदलता येतो हे खरे, पण ऑटो ठेवल्यास सात फ्रेमची पूर्वदृश्ये सात रंगांची दिसतात आणि जागेवर तपासणी करताना डोळा फसतो.

फ्रेमचा क्रम

बहुतेक कॅमेऱ्यांत ब्रॅकेटिंगचा (वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फ्रेम आपोआप लागोपाठ घेण्याच्या सोयीचा) मूळ क्रम आधी मध्यम, मग कमी, मग जास्त असा असतो. मेनूत तो बदलून कमी एक्स्पोजरकडून जास्तीकडे असा करता येतो. जमिनीवर याने काही बिघडत नाही, जहाजावर हा छोटासा बदल फार मोलाचा ठरतो. बाहेरचे दृश्य वापरण्याजोगे नोंदवणाऱ्या फ्रेम म्हणजे १/१०००, १/२५० आणि काही भागांपुरती १/६०. क्रम चढता ठेवला की या तिन्ही लागोपाठ, सेकंदाच्या छोट्याशा अंशात पडतात आणि तेवढ्यात जहाज फारसे हलत नाही. लांब फ्रेम नंतर येतात. त्यांत खिडक्या पूर्ण पांढऱ्या झालेल्या असतात, त्यामुळे बाहेर काय सरकले याने काही अडत नाही. सगळा संच सहा-सात सेकंदांत संपतो. शटर रिमोटने किंवा दोन सेकंदांच्या टायमरने सोडावे.

किती सरकते?

२४ मेगापिक्सेलचा, ३६ × २४ मिमी सेन्सर घेतला तर आडवे ६००० पिक्सेल म्हणजे एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा. १६ मिमी भिंगाने चित्राच्या मध्यावर एक अंश साधारण ४६ पिक्सेल व्यापतो. दोरांवर बांधलेले जहाज दोन फ्रेमच्या मध्ये फक्त ०.२ अंश आडवे वळले, तरी धक्का मध्यावर ९ पिक्सेल सरकतो. रुंद भिंगात कडेकडे प्रतिमा ताणली जाते, म्हणून डाव्या-उजव्या टोकाच्या खिडक्यांत तोच धक्का २० पिक्सेलच्या आसपास सरकलेला दिसतो. जहाज तेवढेच बाजूवर झुकले तर गोष्ट वेगळी. कॅमेरा समोर पाहत असल्याने बाहेरचे दृश्य चित्राच्या मध्याभोवती फिरते: मध्यावर काहीच बदल नाही, टोकाला १० पिक्सेल. पुढून-मागून डोलले तर क्षितिज वर-खाली होते. होडी गेल्यावर येणाऱ्या लाटेने हे तिन्ही एकाच वेळी होते. म्हणून होडी गेल्यानंतर थांबावे आणि ब्रिजवरच्या कलमापकाचा काटा किंवा बुडबुडा स्थिरावला की मग शटर सोडावे. हे उपकरण बहुतेक युद्धनौकांच्या ब्रिजवर असतेच; डोळ्यांना न जाणवणारी हालचाल ते दाखवते.

याच कलमापकामुळे आणखी एक प्रश्न पुढे येतो. ट्रायपॉडवरचा पाणसळ कॅमेरा गुरुत्वाकर्षणाशी सरळ करतो. जुने जहाज मात्र सरळ उभे असतेच असे नाही. टाक्यांतले पाणी किंवा काढून टाकलेली यंत्रे यांमुळे ते एखादा अंश एका बाजूला कललेले असू शकते. पाणसळावर विसंबून राहिलात तर छताच्या तुळया, खिडक्यांच्या कडा आणि कन्सोल सगळे वाकडे येतात आणि संपूर्ण ब्रिज पडल्यासारखा वाटतो. कॅमेरा जहाजाशी सरळ करावा: खिडक्यांची खालची कड आणि छताची तुळई कॅमेऱ्यातल्या जाळीच्या रेषांशी जुळवून. मग क्षितिज अंशभर तिरके येईल. ते येऊ द्यावे, कारण जहाजाची त्या वेळची स्थिती खरोखरच तशी होती. नोंदचित्रात क्षितिज फिरवून सरळ करणे म्हणजे नसलेली स्थिती दाखवणे.

प्रणालीचे गृहीतक कुठे मोडते

१९९७ मध्ये संगणकशास्त्रज्ञ पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या छायाचित्रांतून दृश्यातल्या प्रकाशाची सापेक्ष मोजपट्टी काढण्याची पद्धत मांडली. एचडीआर जोडणाऱ्या आजच्या बऱ्याच सॉफ्टवेअरचा पाया त्या कामात आहे. पद्धतीचे गृहीतक साधे आहे: फ्रेम बदलल्या तरी एका पिक्सेलवर पडणारा प्रकाश दृश्यातल्या एकाच जागेवरून येतो, बदलतो तो फक्त एक्स्पोजरचा कालावधी. ब्रिजच्या आतल्या भागाला हे गृहीतक चपखल लागू पडते. खिडकीतल्या धक्क्याला ते लागू पडत नाही.

सॉफ्टवेअरमधला फ्रेम जुळवण्याचा पर्याय इथे सुरू केला तर काय होते? तो चित्रभर जुळणारे बिंदू शोधतो. आतले बिंदू सांगतात की काहीच हललेले नाही, बाहेरचे सांगतात की ९ पिक्सेल हलले. बाहेर तपशील भरपूर असला, धक्क्यावरच्या क्रेन, खांब, नौकांच्या काठ्या असल्या, तर प्रणाली बाहेरच्या बाजूने कौल देऊ शकते आणि स्पष्ट असलेला कन्सोल धूसर करून ठेवते. ट्रायपॉड पक्का असेल आणि कोणी डेकवर चाललेले नसेल, तर जुळवणी बंद ठेवावी. हालचालीचे ठसे काढण्याचा स्वयंचलित पर्यायही मध्यम पातळीच्या वर नेऊ नये. तो खिडकीच्या एका काचेत एक फ्रेम आणि शेजारच्या काचेत दुसरी निवडतो, मग क्षितिज काचेगणिक पायरी घेते. खिडक्यांमधल्या उभ्या पट्ट्यांमुळे ही पायरी पटकन लक्षात येत नाही, पण मोठ्या छपाईत नजर तिथेच अडते.

उपाय एकच आणि तो आधीच ठरवायचा असतो: बाहेरचे सगळे दृश्य एकाच फ्रेममधून घ्यायचे. इथे ती १/२५० ची. तिच्यात उन्हातल्या इमारती मध्यम राखाडीच्या एक-दोन स्टॉप वर येतात आणि रॉमध्ये सहज सांभाळल्या जातात. पुढच्या डेकवरची तोफ तर जहाजाचाच भाग, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर हलणारी. तिला अनेक फ्रेममधून घेतले तरी चालले असते. पण तोफेच्या नळीमागेच धक्का सरकत असतो आणि दोघांमधली कड कापत बसण्यात अर्थ नाही. काचेतले सगळे एकाच फ्रेमचे ठेवणे सोपे आणि अधिक प्रामाणिक. पाण्याची चमक फारच जळत (तपशील जाऊन नुसती पांढरी होत) असेल तर तेवढ्यापुरती १/१००० ची फ्रेम हलक्या हाताने मिसळावी. चमचमत्या पाण्यावर सरकलेले पिक्सेल ओळखू येत नाहीत.

समुद्राच्या छायाचित्रणात ही युक्ती जुनी आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे याने १८५७ मध्ये आकाशाची एक आणि पाण्याची दुसरी अशा दोन निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जोडून चित्रे छापली, कारण त्या काळच्या काचेवर दोन्ही एकदम उतरत नसत. त्याची जोडरेषा क्षितिजावर होती. ब्रिजवर ती खिडकीच्या चौकटीवर येते. आणि चौकट जहाजाबरोबर हलणारी, म्हणजे कॅमेऱ्याच्या सापेक्ष स्थिर असल्याने, मास्क (कोणता भाग कोणत्या फ्रेममधून दिसेल ते ठरवणारा मुखवटा) काढायला जमिनीवरच्या कुठल्याही खिडकीइतकीच सोपी आहे.

मास्कची कड ठरवताना एक बारकावा आहे. १ आणि ४ सेकंदांच्या फ्रेममध्ये पांढऱ्या झालेल्या खिडकीचा उजेड चौकटीवर दहा-पंधरा पिक्सेल सांडतो. म्हणून चौकटीचा आतला काठ १/१५ च्या फ्रेममधून घ्यावा, मास्कची कड त्या काठावरच ठेवावी आणि ती दोन-तीन पिक्सेलइतकीच मऊ करावी. वीस-तीस पिक्सेलची मऊ कड दिली की खिडकीभोवती दुधट प्रभा तयार होते. पाहणारा तिचा दोष टोन मॅपिंगला, म्हणजे प्रकाशाचा मोठा पल्ला पडद्यावर मावेल इतका आवळण्याला, देतो, खरे कारण मास्क असतो.

आत हलणारे ऊन

बाहेरचा प्रश्न सुटला तरी सूर्य आतही येतो. बाजूच्या खिडकीतून डेकवर पडलेला उन्हाचा चौकोन जहाजाबरोबर हलत नाही. जहाज वळले की तो जमिनीवर सरकतो. खिडकीपासून २ मीटरवर ०.२ अंश वळणाने तो ७ मिलिमीटर हलतो आणि चित्रात त्याची कड दुहेरी येते. शक्य असेल तर त्या बाजूचा पडदा ओढून चौकोन घालवावा किंवा ढग येईपर्यंत थांबावे. शक्य नसेल तर तो चौकोनही खिडकीसारखाच एकाच फ्रेममधून, १/६० किंवा १/१५ मधून, मास्क करून घ्यावा.

सर्वांत फसवे असते ते छत. पाण्यावरून परावर्तित झालेले ऊन खिडकीतून वर येते आणि पांढऱ्या छतावर लाटांची जाळी नाचवते. डोळ्याला ती सुंदर दिसते. १/६० च्या फ्रेममध्ये ती जाळी धारदार गोठते, १/४ मध्ये अर्धवट पुसली जाते, १ सेकंदात एकसारखी होते. जोडणीत या तिन्ही अवस्था तुकड्यातुकड्याने एकत्र येतात आणि छताचा रंग उडाल्यासारखे ठिपके दिसू लागतात. रंग उडाला आहे असे समजून संवर्धन नोंदीत तशी टीपही होऊ शकते, म्हणून ही चूक केवळ दिसण्यापुरती राहत नाही. छत ८ ईव्हीवर आहे, म्हणजे १ सेकंदाच्या फ्रेममध्ये ते मध्यम राखाडीच्या दोन स्टॉप वर बसते, जळण्याच्या सीमेजवळ पण अलीकडे. हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या पातळ्यांच्या आलेखात) जागा उरली असेल तर छत त्याच फ्रेममधून घ्यावे. नसेल, तर मुख्य संचानंतर १/४ सेकंदाच्या आठ फ्रेम वेगळ्या घेऊन त्यांची सरासरी काढावी. नाचणारी जाळी सरासरीत विरते आणि दाणाही कमी होतो.

दिवे

ब्रिजवर ट्यूबलाइट लावलेल्या असतात, खिडकीतून दिवसाचा उजेड येतो आणि एखाद्या कोपऱ्यात जुना पिवळा बल्ब जळत असतो. दिवसाचा उजेड ५५०० ते ६५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचे माप; आकडा मोठा तसा उजेड निळसर), ट्यूब ४००० च्या आसपास आणि किंचित हिरवट, बल्ब २७०० ते ३०००. साध्या चित्रात हा गोंधळ सावलीत दबून राहतो. एचडीआरमध्ये सावली वर आणली की तो उघडा पडतो: कन्सोलचा एकच राखाडी रंग खिडकीकडे निळा आणि मागे हिरवा दिसतो. दिवे बंद करून मिळत असतील तर बंद करावेत. मागचा भाग एक-दोन स्टॉप अंधारेल, त्यासाठी ८ सेकंद आणि गरज पडली तर १५ सेकंदांची फ्रेम जोडावी लागेल, पण रंग एकाच उजेडाचा राहील. तबकड्यांचे आतले दिवे दाखवायचे असतील तर ते लावून एक वेगळी फ्रेम घ्यावी आणि फक्त तबकड्यांपुरती मिसळावी. चोवीस रंगांची तक्ती एकदा कन्सोलवर आणि एकदा खिडकीजवळ ठेवून तिचीही फ्रेम घ्यावी. युद्धनौकांचा राखाडी रंग बऱ्याचदा मुळातच निळसर असतो. तक्तीशिवाय त्याला तटस्थ करायला गेलात तर जहाजाचा खरा रंगच पुसला जातो.

इंजिनरूममध्ये दिवे बंद करता येत नाहीत. तिथे ट्यूब विजेच्या वारंवारितेच्या दुप्पट वेगाने लुकलुकतात: ५० हर्ट्झवर सेकंदाला १०० वेळा, ६० वर १२० वेळा. जहाजांची स्वतःची वीज बहुधा ६० हर्ट्झची, पण संग्रहालय झालेले जहाज किनाऱ्याच्या विजेवर चालते, म्हणून तिथे काय आहे ते विचारून घ्यावे. शटर १/५० पेक्षा हळू ठेवावे आणि शक्यतो यांत्रिक शटर वापरावे, नाहीतर आडवे पट्टे येतात. जाळीदार फरशीवर ट्रायपॉडचे पाय घसरतात. तिन्ही पायांखाली प्लायवुडचे तुकडे टाकावेत. टोकदार खिळ्यांचे पाय पोलादी डेकवर कधीही लावू नयेत; ते सरकतातही आणि रंगही खरवडतात.

लाल दिव्याच्या कक्षांत, जिथे रात्रीची दृष्टी टिकवण्यासाठी लाल उजेड ठेवत, जवळपास सगळा प्रकाश सेन्सरच्या लाल पिक्सेलवर पडतो आणि ते एकूण पिक्सेलच्या एक चतुर्थांशच असतात. एकत्रित हिस्टोग्राम सुरक्षित दिसत असताना लाल वाहिनी जळून गेलेली असते. तिथे तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावून लाल वाहिनीवरूनच संच ठरवावा.

भिंगातला सांडलेला उजेड

सात फ्रेम घेतल्या म्हणजे तेरा स्टॉप खरेच मिळाले, असे नसते. ४ सेकंदांच्या फ्रेममध्ये खिडक्या बारा स्टॉपने जळलेल्या असतात आणि त्यांचा उजेड भिंगाच्या काचांत विखुरून सगळ्या सावल्यांवर पातळ धुके पसरवतो. जॉन मॅककॅन आणि अलेसांद्रो रिझी या संशोधकांनी २००७ मध्ये मोजून दाखवले की एचडीआरची खरी मर्यादा अनेकदा सेन्सरची नसून या विखुरण्याची असते. फ्रेम वाढवून ते जात नाही. समोरचे यूव्ही फिल्टर काढून टाकावे, कारण खिडक्यांची उलटी भुतासारखी प्रतिमा बहुधा त्याच्यामुळे येते. भिंगाची पुढची काच पुसावी. डेकवर उघड्यावर फिरून आल्यावर तिच्यावर मिठाचा अदृश्य थर असतो आणि कोरड्या कपड्याने तो घासला तर ओरखडे पडतात. आधी गोड्या पाण्याने किंचित ओलावलेला कपडा, मग कोरडा. थंड केलेल्या कक्षातून दमट डेकवर गेल्यास काच धुकटते, तेव्हा कॅमेरा पिशवीतच ठेवून बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा.

संध्याकाळचा पर्याय

याच चित्रासाठी सर्वांत चांगली वेळ सकाळची नाही. सूर्यास्तानंतर वीस-तीस मिनिटांनी बाहेरचा उजेड ५ ते ८ ईव्हीच्या दरम्यान उतरतो, म्हणजे ब्रिजच्या आतल्या दिव्यांच्या बरोबरीला येतो. तेरा स्टॉपचा पल्ला सहा-सातवर येतो, तीन फ्रेम पुरतात आणि कधीकधी नीट एक्स्पोज केलेली एकच रॉ फाइलही पुरते. उन्हाचा चौकोन नाही, छतावरची जाळी नाही, खिडकीतून सांडणारा उजेडही नगण्य. किंमत मोजावी लागते ती बाहेरच्या फ्रेमच्या लांबीची. आता बाहेरचे दृश्यही १/४ ते १ सेकंदाच्या फ्रेममधून घ्यायचे, आणि त्या वेळात जहाज डोलले तर क्षितिज पुसट येते. म्हणून बाहेरच्यासाठी एक वेगळी फ्रेम घ्यावी: आयएसओ १६०० वर नेले की १/४ चे १/६० होते. तिच्यातला दाणा खिडक्यांपुरताच राहतो आणि सांभाळता येतो. संग्रहालयाकडून संध्याकाळचा तास मिळत असेल तर तोच मागावा.

टोन मॅपिंग: ब्रिज अंधाराच असतो

जोडलेली फाइल फ्लोटिंग पॉइंट स्वरूपात, म्हणजे प्रकाशाचा सगळा पल्ला मावेल अशा दशांश आकड्यांत, असते. तिला साध्या पडद्यावर किंवा कागदावर आणण्याचे दोन मार्ग आहेत: प्रकाशाचा नकाशा काढून मग टोन मॅपिंग, किंवा टॉम मेर्टेन्स, यान काउट्झ आणि फ्रँक व्हॅन रीथ यांनी २००७ मध्ये मांडलेले एक्स्पोजर फ्यूजन, ज्यात प्रत्येक फ्रेममधले नीट एक्स्पोज झालेले भाग थेट एकत्र विणले जातात. ब्रिजसाठी फ्यूजन अधिक शांत निकाल देते. त्यात पोलादाच्या पृष्ठभागावर खोटी खडबड उमटत नाही. टोन मॅपिंगमधला स्थानिक तपशील वाढवण्याचा सरकपट्टा पुढे नेला की प्रत्येक खिळा गंजलेला दिसतो, पितळ नारिंगी होते आणि राखाडी रंगात जांभळे डाग येतात.

पातळ्या ठरवताना ० ते २५५ च्या मापात साधारण असे ठेवावे: बाहेरचे आकाश २२५ ते २४०, बंदराचा मध्यम भाग १७० ते २००, छत १३० ते १५०, कन्सोल ७० ते ९०, टेबलाखालचा कोपरा २० ते ३०. आतला कोणताही पृष्ठभाग बाहेरच्या मध्यम भागापेक्षा उजळ होता कामा नये. हा क्रम उलटला की डोळ्याला चित्र खोटे वाटू लागते, कारण ब्रिजवर उभ्या असलेल्या माणसाला बाहेर नेहमीच जास्त उजेड दिसतो. टेबलाखालचे कप्पे ओळखू येणे हा हेतू होता. ते उजळून निघणे हा नव्हता. एचडीआर पडद्यासाठी वेगळी प्रत काढायची असेल तर तिच्यात खिडक्या खरोखरच उजळ दाखवता येतात आणि टोन मॅपिंग बरेच सौम्य ठेवता येते. छपाईसाठी मात्र वरचीच प्रत लागते.

जहाज सेवेत असेल तर

सेवेतल्या जहाजावर हेच काम जवळजवळ वेगळे होते. यंत्रे चालू असतात, डेक थरथरत असतो आणि चार सेकंदांची फ्रेम धारदार येण्याची शक्यता कमी. तिथे फ्रेम तीनच ठेवाव्यात, सर्वांत लांब फ्रेम १/१५ च्या आत आणावी आणि गरज असेल तेवढा आयएसओ वाढवावा. समुद्रात बाहेरचे दृश्य एका फ्रेममधूनच घ्यायचे, दुसरा विचारच नको. उघड्या डेकवर फडकता ध्वज आणि फिरता रडार अँटेनाही त्याच नियमात बसतात. ट्रायपॉड जाण्या-येण्याच्या वाटेत किंवा हॅचच्या तोंडाशी लावता येत नाही. शिडीवरून चढता-उतरताना दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून सगळे साहित्य पाठीवर.

परवानगीबाबत एक गोष्ट छायाचित्रकारानेच संबंधित अधिकाऱ्याच्या लक्षात आणून द्यायला हवी. साध्या चित्रात काळ्या सावलीत गेलेला फलक, बंद वाटणारा पडदा, टेबलावरचा नकाशा एचडीआरमध्ये वाचता येतो, कारण पद्धत त्यासाठीच आहे. म्हणून तपासणी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर न करता अंतिम प्रतीवर करून घ्यावी, आणि तिच्याबरोबर ४ सेकंदांची रॉ फाइलही दाखवावी. प्रतीत दडपलेले बरेच काही तिच्यात शाबूत असते. कॅमेऱ्याचे वायफाय, ब्लूटूथ आणि स्थाननोंद जहाजावर पाऊल ठेवण्याआधीच बंद असावेत.

जतन

सातही रॉ फाइल, आठ फ्रेमची छताची मालिका, रंगतक्तीच्या फ्रेम, जोडलेली मूळ फाइल आणि लेअर शाबूत असलेली अंतिम फाइल एकत्र ठेवावी. सोबतच्या टिपणात चार गोष्टी हव्यात: बाहेरचे दृश्य कोणत्या फ्रेमचे, छत कोणत्या फ्रेमचे की सरासरीचे, दिवे चालू होते की बंद, आणि कलमापकाचे वाचन किती होते. क्षितिज तिरके का, छत इतके सपाट का, असे कोणी पुढे विचारले तर फाइल उघडण्याआधीच टिपणात उत्तर सापडते.